मागणीचा कौल

जबलपुराहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहर मागे पडून पंधरा-सोळा किलोमीटर झाले की पनागर लागते. खेडे म्हणावे तर मोठे, शहर म्हणावे तर लहान, असे हे गाव. नर्मदेच्या खोऱ्यातला हा मुलूख १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि त्या वेळेपासून, व पुढे रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकऱ्यांमुळे, जबलपूर परिसरात मराठी घरे नांदत आली आहेत. घरी मराठी आणि दारी हिंदी अशी त्यांची रीत. पण पनागरची आजची ओळख इतिहासाची नाही. ती हिरव्या मटाराची आहे. केंद्र शासनाच्या 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या नावापुढे मटाराचीच नोंद आहे. मार्गशीर्ष-पौषात या बाजूने जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेला पोत्यांच्या थप्प्या आणि माल भरून निघालेल्या गाड्या दिसतात. तो माल नागपूर, मुंबई, हैदराबादपर्यंत जातो.

मटार हे मोठे उतावळे पीक. शेंग वेलीवरून तोडली की तिच्यातली साखर पिठात बदलू लागते. सकाळी गोड असलेला दाणा दुसऱ्या दिवशी तसा राहत नाही. त्यामुळे शेतकऱ्याला माल धरून ठेवता येत नाही. पहाटे भाव एक असतो, आणि दहा गाड्या जास्त आल्या की उन्हे वर येईपर्यंत तो दुसराच होतो.

अशा गावातल्या एका मराठी घरातील तरुणाची कल्पना करावी. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून आले व इथेच राहिले. वडील शिक्षक होते. यंदा निवृत्त झाले. मुलगा जबलपुरात संगणकशास्त्र शिकला. त्याच्या मनात असे आले की, मटाराचा ताजा भाव घरबसल्या सांगणारे एक अ‍ॅप काढावे. मित्रांनी 'वा!' म्हटले. मावशीने पाठ थोपटली. वडिलांनी निवृत्तीच्या रकमेतून अडीच लाख रुपये देऊ केले. आता प्रश्न एवढाच राहिला की, हे अ‍ॅप कोणाला हवे आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. पण पुष्कळ तरुण तो विचारीतच नाहीत. आधी वस्तू घडवायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचे, अशी उलटी वाट ते धरतात. मित्रांची वाहवा ही मागणी नव्हे. ती भिडेपोटी दिलेली दाद असते, आणि भीड फार खर्चिक आहे. मग भिडेबाहेरचे, अनोळखी माणसाचे खरे मत मिळवायचे कोठे? गेल्या काही वर्षांत त्याची एक जागा निर्माण झाली आहे. ती म्हणजे अ‍ॅपच्या दुकानातील शोधाची चौकट.

मोबाईलवरील अ‍ॅपची ही दुकाने फार जुनी नाहीत. अ‍ॅपल कंपनीचे अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे अ‍ॅप होती. गूगलचे दुकान त्याच वर्षी ऑक्टोबरात 'अँड्रॉइड मार्केट' या नावाने निघाले आणि २०१२ पासून ते 'प्ले स्टोअर' म्हणून ओळखले जाऊ लागले. आज या दोन्ही ठिकाणी मिळून लाखो अ‍ॅप आहेत. इतक्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक फळीफळीवर नजर टाकीत हिंडत नाही. तो दारातच उभा राहून वाण्याला विचारतो, 'अमुक आहे का?' अ‍ॅपल कंपनीनेच सांगितले आहे की, तिच्या दुकानातून उतरवून घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅपपैकी सुमारे ६५ टक्के अ‍ॅप शोधानंतर लगेच घेतली जातात. त्या चौकटीत माणूस जो शब्द लिहितो त्याला धंद्याच्या भाषेत 'कीवर्ड' म्हणतात. आपण त्याला शोधशब्द म्हणू. सरकारी कचेरीत अर्जाच्या माथ्यावर 'विषय' असा रकाना असतो, आणि त्यातल्या दोन ओळींवरून अर्ज कोणत्या टेबलावर जायचा ते ठरते. शोधशब्दाचे काम नेमके तसेच आहे. फरक इतकाच की, अर्जदार विषय लिहिताना साहेबाच्या मर्जीचा विचार करतो; शोधशब्द लिहिताना माणूस एकटा असतो, आणि त्याला जे हवे ते तो आडपडदा न ठेवता लिहितो.

कोकणात देवाला कौल लावतात. काम हाती घेण्यापूर्वी मूर्तीला फुले चिकटवायची, मनातली गोष्ट बोलायची, आणि उजवे पडते की डावे ते पाहायचे. शोधशब्दांची पाहणी हा या काळातला मागणीचा कौलच आहे. मात्र कौल लावणाऱ्या जाणत्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: देव विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

लोकांचे आधी ऐकावे आणि मग त्यांना काही द्यावे, ही कल्पना मोबाईलने आणली असे मात्र नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने, ग्रामीण श्रोतृमंडळांचा एक प्रयोग झाला. महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न व शंका केंद्राला कळवायच्या, असा तो क्रम होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. त्या प्रयोगातून शिकण्यासारखे होते ते हेच की, निर्मात्याला महत्त्वाचा वाटणारा विषय आणि गावाला अडलेला विषय हे दोन्ही दर वेळी एकच नसतात. तेव्हा गावाचे म्हणणे पत्रातून येई. आज ते चौकटीत लिहिलेल्या दोन शब्दांतून येते.

आता आपल्या पनागरच्या तरुणाकडे वळावे. त्याने हा कौल लावायचा कसा?

पहिले काम वहीपेन्सिलीचे आहे. आपले अ‍ॅप ज्याला हवे असेल तो माणूस ते कोणत्या शब्दांनी मागेल, त्याची यादी करायची. इथेच भाषेचा खरा खेळ सुरू होतो. शेंगेच्या आत दाणा एकच, पण त्याची नावे किती! पनागरचा शेतकरी त्याला 'मटर' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या मंडईत तो 'मटार' होतो. नागपूरकडे आणि पाठ्यपुस्तकांत 'वाटाणा'. इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा 'पीज' लिहील. भावाचेही तसेच. मध्य प्रदेशात 'मंडी भाव' म्हणतात, महाराष्ट्रात 'बाजारभाव'. आणि तो शब्द कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. शिवाय मोबाईलवर देवनागरी लिहिण्याचा कंटाळा असलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. ती हेच शब्द रोमन लिपीत लिहितात, आणि रोमन लिपीत मराठी-हिंदी लिहिण्याचे शुद्धलेखन अजून कोणी ठरवलेले नाही. 'भाव' या दोन अक्षरांच्या शब्दात शेवटी व्ही लिहावा की डब्ल्यू, यावरच मते दोन. यंत्राच्या दृष्टीने यातला प्रत्येक लेखनप्रकार हा वेगळा शब्द असू शकतो. म्हणून ज्याच्या यादीत केवळ कोशातले शुद्ध शब्द आहेत, त्याची यादी अपुरी समजावी. महसूल खात्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे पटकन पटेल. जमिनीच्या उताऱ्याला महाराष्ट्रात 'सातबारा' म्हणतात. हा वास्तविक गावनमुन्यांचा क्रमांक, शब्द नव्हेच. पण उभ्या महाराष्ट्रात 'अधिकार अभिलेख' असे म्हणून कोणी तलाठ्याकडे जात नाही. तोच कागद मध्य प्रदेशात 'खसरा-खतौनी' होतो. पनागरहून नागपूरपर्यंतच्या वाटेत कागद तोच राहतो आणि शब्द साफ बदलतो.

यादी झाली की दुसरे काम दुकानाचे. चौकटीत 'मंडी' एवढेच लिहून थांबावे. यंत्र स्वतःहून खाली चारदोन पूर्ण वाक्यखंड सुचवते. या सूचना मुख्यतः इतरांच्या शोधांवरून तयार होतात. म्हणजे तिथे जे दिसते ते पुष्कळ लोकांनी लिहिलेले असते. एकेक अक्षर पुढे लिहीत गेले की सूचना बदलत जातात, आणि आपल्याला न सुचलेले शब्द त्यात सापडतात. यात एक दक्षता घ्यावी लागते. यंत्र आपल्या मोबाईलची भाषा, ठिकाण आणि पूर्वीचे शोध लक्षात घेऊन सूचना देत असते; तेव्हा स्वतःच्याच मोबाईलवर पाहणे हे आरशात पाहून गर्दी मोजण्यासारखे होईल. दुसऱ्याच्या, शक्य तर शेतकऱ्याच्याच, मोबाईलवर पाहावे.

तिसरे काम मोजमापाचे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आपल्या दुकानात शोधाच्या जाहिराती सुरू केल्या. जाहिरातदाराला तिथे प्रत्येक शब्दाच्या लोकप्रियतेचा एक अंक दिसतो. ही माणसांची संख्या नव्हे. हा शब्दाशब्दांतला तुलनेचा दर्जा आहे, हे विसरता कामा नये. शिवाय पनागरच्या शेतकऱ्याच्या हातात असतो तो बहुधा अँड्रॉइड मोबाईल, अ‍ॅपलचा नव्हे. गूगलचे जाहिरातदारांसाठी असलेले शब्दनियोजक साधन महिन्याला किती शोध होतात त्याचा अंदाज देते, पण तो संकेतस्थळांवरील शोधाचा असतो, अ‍ॅपच्या दुकानातला नव्हे. आणि जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्याला 'एक हजार ते दहा हजार' असा ऐसपैस पट्टाच दाखवला जातो. एक हजार आणि दहा हजार यांत जो फरक आहे तोच तर आपल्याला हवा असतो! काही खाजगी कंपन्या पैसे घेऊन नेमके आकडे देतात. परंतु एकाच शब्दाला दोन कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत असा अनुभव येतो, कारण तेही अंदाजच. यांतले अधिक उपयोगी, आणि फुकटचे, साधन म्हणजे 'गूगल ट्रेंड्स'. एखाद्या शब्दाचा शोध वर्षभरात केव्हा चढला आणि केव्हा उतरला याचा आलेख त्यात दिसतो. सर्वांत वरचे टोक १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात. मटारासारख्या हंगामी मालाच्या बाबतीत हा आलेख बघणे अगत्याचे आहे. वर्षातले तीन महिने डोंगर आणि नऊ महिने सपाट मैदान असे चित्र निघाले, तर त्या नऊ महिन्यांत अ‍ॅप काय करील, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

चौथे काम सर्वांत कष्टाचे, आणि म्हणून बहुतेकांकडून टाळले जाणारे. शोधशब्द लिहिल्यावर जी अ‍ॅप पुढे येतात, त्यांतली पहिली दहा उघडून शांतपणे वाचायची. कोणाला किती लोकांनी मत दिले आहे, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे, आणि मुख्य म्हणजे एक किंवा दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिले आहे. पाच तारे देणारा 'छान' लिहून निघून जातो. त्याच्याकडून शिकण्यासारखे काही नसते. रागावलेला माणूस मात्र कारणासकट लिहितो. भाव कालचा आहे, आमच्या मंडीचे नाव नाही, फक्त गहू आणि सोयाबीन आहे, भाजीपाला नाही: अशा प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तर ती तक्रार म्हणजेच मागणी. जिथे शोधणारे पुष्कळ आहेत, समोर येणारी अ‍ॅप थोडी किंवा जुनाट आहेत, आणि त्यांच्याखाली एकच गाऱ्हाणे वारंवार मांडलेले आहे, तिथे नव्या माणसाला जागा आहे असे मानायला हरकत नाही.

आणि जिथे शोधणारे पुष्कळ पण अ‍ॅपही पुष्कळ, तिथे? आपल्या तरुणाची गाठ तिथेच पडते. 'मंडी भाव' या शब्दांवर केंद्र शासनाची साधनेही उभी आहेत. बाजारभाव कळवणारी अ‍ॅगमार्कनेट ही योजना २००० पासूनची. ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजारव्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली, आणि तिचे स्वतःचे अ‍ॅप आहे. त्यांच्या जोडीला खाजगी अ‍ॅप वेगळीच. या रांगेत पनागरचे नवे अ‍ॅप शेवटी उभे राहणार. नाव देतानाही हात आखडता घ्यावा लागतो: दोन्ही दुकानांत अ‍ॅपच्या नावाला तीस अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. अ‍ॅपलकडे शोधशब्दांसाठी शंभर चिन्हांचा एक रकाना आहे, जो गिऱ्हाइकाला दिसत नाही. गूगलकडे तसा रकानाच नाही, तिथे नाव, ऐंशी चिन्हांचे छोटे वर्णन आणि चार हजारांचे मोठे वर्णन यांवरून यंत्र अर्थ लावते. मग काही चतुर माणसे त्या वर्णनात एकच शब्द पन्नास वेळा कोंबतात. दुकानदार आता सावध झाले आहेत. २०२१ पासून गूगलने नावात 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक' असली बिरुदे लावण्यास मनाई केली आहे. हे बरेच झाले. आपल्याकडे दर दुसऱ्या खानावळीवर 'सुप्रसिद्ध' अशी पाटी असते. तिथेही कोणी असा नियम काढला तर जेवणाऱ्यांचे काही बिघडणार नाही.

समजा, या तरुणाने आठ दिवस बसून हे सगळे केले, आणि त्याला असे आढळले की 'मंडी भाव' शोधणारे उदंड आहेत पण ती वाट गर्दीने भरलेली आहे. आणि 'मटर भाव' ही वाट मोकळी आहे, पण तिच्यावर वर्षातले नऊ महिने चिटपाखरूही नाही. म्हणजे कौल डावा पडला. वडिलांचे अडीच लाख वाचले. इथे विषय संपला असे पुष्कळांना वाटेल. पण शोधशब्दांच्या या विद्येला दोन मोठ्या मर्यादा आहेत, आणि त्या जाणल्याशिवाय तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

एक मर्यादा अशी की, शोधणारा माणूस अ‍ॅपच शोधतो आहे असे नाही. 'सातबारा' हा शब्द लिहिणाऱ्याला बहुधा सरकारी उतारा हवा असतो. त्याला त्या नावाचे कोणाचे तरी खाजगी अ‍ॅप नको असते. शब्दामागची गर्दी मोठी, पण ती दुसऱ्याच्या दाराशी चाललेली. अशा गर्दीच्या वाटेत आपली टपरी टाकणे म्हणजे एस.टी.च्या रांगेतल्या प्रवाशांना आपले गिऱ्हाईक समजण्यासारखे आहे.

दुसरी मर्यादा त्याहून खोल. ज्या वस्तूची लोकांना कल्पनाच नाही, तिचा शोध ते घेतीलच कसा? मराठी उद्योगाच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर घडवला. नांगर चांगला होता. तरीही पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते असा शेतकऱ्यांचा समज होता. त्या काळी अ‍ॅपचे दुकान असते आणि किर्लोस्करांनी तिथे 'लोखंडी नांगर' या शब्दाची लोकप्रियता पाहिली असती, तर त्यांना शून्य दिसले असते. ते थांबले असते काय? पण हेही पाहावे की, शून्य दिसणारा तो एक शब्द होता. गरज शून्य नव्हती. लाकडी नांगर खोल जात नाही, ही तक्रार प्रत्येक बांधावर होती. किर्लोस्करांना ती ऐकू आली होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच नांगराच्या बळावर. तेव्हा शोधशब्द नसणे याचे अर्थ दोन होतात: एक तर वस्तू कोणालाच नको आहे, किंवा हवी आहे पण तिचे नाव अजून लोकांच्या जिभेवर बसलेले नाही. यांतले खरे कोणते, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. किर्लोस्करांचे उदाहरण तोंडी लावून आपल्या प्रत्येक फसलेल्या कल्पनेचे समर्थन करणारे तरुण पुष्कळ भेटतात. किर्लोस्करांनी नांगराच्या आधी कडब्याचे यंत्र करून आपले कारागीर आणि आपले गिऱ्हाईक ओळखले होते, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात.

तर आपला तरुण बांधावर गेला असे समजावे. पहाटेचे चार वाजलेले, अंगावर शाल, मंडीच्या दाराशी चहाची गाडी. त्याने वही काढली आणि एकेका शेतकऱ्याला भाव कसा कळतो ते विचारले. त्याला वाटले होते की भावाचे अज्ञान हेच मुख्य दुखणे असेल. एक वयस्क शेतकरी हसून म्हणाला, ''भाव तो मालूम है भैया, गाड़ी नहीं मिलती.'' दुसऱ्याने तेच सांगितले, तिसऱ्याने तेच. भाव शेजाऱ्याच्या फोनवरून रात्रीच कळतो. अडते ते पहाटे पाचला माल उचलायला गाडी न मिळाल्याने. तोडणी दुपारी संपते, गाडीवाला दुसऱ्या गावी अडकलेला असतो. पोती रात्रभर शेतात राहतात, आणि सकाळी भाव उतरलेला. तिकडे गाडीवाला एका गावाहून अर्धी गाडी भरून निघतो आणि वाटेतल्या दुसऱ्या गावातली पोती त्याला ठाऊकच नसतात.

घरी येऊन त्याने पुन्हा दुकानातली चौकट उघडली आणि 'गाडी' हा शब्द लिहिला. समोर मोटारींच्या शर्यतींचे खेळ आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची अ‍ॅप. शब्द चुकला होता. मंडीत लोक 'गाडी' म्हणतात ते एकमेकांना डोळ्यांपुढे गाडी दिसत असते म्हणून. चौकटीत लिहिताना ते काय लिहितील? त्याने वही पुन्हा उघडली. 'लोडिंग', 'पिकअप', 'भाड़ा'. आणि एक शब्द तर त्याला सुचलाच नसता, पण वहीत तो सात वेळा आला होता: 'छोटा हाथी'. टाटा मोटर्सने २००५ मध्ये बाजारात आणलेल्या एस या चारचाकी मालगाडीला उत्तर हिंदुस्थानात लोकांनी दिलेले हे लाडके नाव. कंपनीने गाडीला ठेवलेले नाव हे नव्हे. पण ज्याला गाडी हवी असते त्याच्या तोंडी तोच. अर्थात 'छोटा हाथी' लिहिल्यावर लहान मुलांच्या गाण्यांतले हत्तीही समोर उभे राहणारच. त्याने मग 'छोटा हाथी भाड़ा' असे तीन शब्द लिहिले, आणि समोर आलेली अ‍ॅप एकेक करून वाचायला घेतली. मोठ्या शहरांत गाडी मिळवून देणारी होती. पनागरच्या शेतापासून जबलपूरच्या मंडीपर्यंत, पाच पोत्यांसाठी, पहाटे, अशी सोय करणारे त्याला काही दिसले नाही.

तरीही त्याने अ‍ॅप काढायला घेतले नाही, आणि इथे त्याच्या शहाणपणाचे कौतुक केले पाहिजे. शोधशब्दावरून मोकळी जागा दिसली, शेतकऱ्यांच्या तोंडून गरज ऐकली. पण पैसे देईन असे अजून कोणी म्हटले नव्हते. 'हवे' म्हणणे आणि खिशात हात घालणे, यांच्यामध्ये पुष्कळ धंदे बुडालेले आहेत. म्हणून त्याने पहिला हंगाम बिनअ‍ॅपचाच काढायचे ठरवले. व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट केला. त्यात आसपासच्या चार गावांतले शेतकरी आणि सहा गाडीवाले घेतले. रात्री आठपर्यंत ज्याने त्याने आपली पोती किती ते लिहायचे. नऊ वाजता तरुणाने वहीत आकडे जुळवून कोणती गाडी कोणत्या गावाहून निघेल ते सांगायचे. एका जुळणीचे वीस रुपये, गाडीवाल्याकडून. शेतकऱ्याकडून काही नाही. संगणकशास्त्राच्या पदवीधराने रात्री दिव्याखाली वहीत बेरजा मांडाव्या, हे घरात कोणाला पसंत पडले नाही. आईने तर विचारलेच, ''अरे, मग शिकलास तरी कशाला?'' वडील मात्र काही बोलले नाहीत. बत्तीस वर्षे त्यांनी मुलांची उत्तरे नव्हे, रीत तपासली होती.

पहिल्या आठवड्यात तीन जुळण्या झाल्या. दुसऱ्यात एका गाडीवाल्याने वीस रुपये बुडवले, आणि गटातल्या इतर गाडीवाल्यांनीच त्याला ते द्यायला लावले. तरुणाने वहीच्या त्या पानावर तांबड्या पेन्सिलीने खूण केली, कारण ज्या सोयीसाठी तिऱ्हाइतांनी भांडण अंगावर घेतले, ती सोय त्यांना हवी होती, हे त्याला प्रथमच त्या दिवशी कळले. गटात मजकूर लिहिताना शेतकरी कोणते शब्द वापरतात तेही तो आता रोज टिपून ठेवतो. पुढे कधी अ‍ॅप काढलेच, तर तीस चिन्हांत बसणारे नाव त्यातूनच निघेल. पौष संपत आला आहे. वेलींवर शेवटची तोडणी राहिली आहे, आणि आता गहू-हरभऱ्याच्या दिवसांत हेच गाडीवाले त्या गटात राहतात की उठून जातात, हे त्याला अजून पाहायचे आहे. वडिलांचे अडीच लाख पोस्टातच आहेत.